कोरं पाणी, भरली वाटी

बरणी बोलेनाशी झाली होती.

एरवी दुर्वा सकाळी उठून स्वयंपाकघरात आली, की ओट्यावरच्या काचेच्या बरणीतून बारीक फसफस ऐकू यायची. तळातून बुडबुडे निघायचे. पृथ्वीवर बुडबुडे शाळा सुटल्यासारखे वर पळतात. चंद्रावर गुरुत्वाकर्षण (खाली ओढणारा जोर) पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढं, म्हणून इथले बुडबुडे सासरी निघालेल्या मुलीसारखे रेंगाळत, थांबत, एकेक करून वर जायचे. दुर्वाला ते बघत बसायला फार आवडायचं.

आता बरणीत नुसतं साखरपाणी होतं आणि तळाशी दाणे. गप्प. कुणीतरी नको ते बोलल्यासारखे.

"कुणी हात लावला होता बरणीला?" द्वारकाआजीनं विचारलं. आजीचा प्रश्न हा प्रश्न नसतोच. त्यात आरोपीचं नाव भरायचं तेवढं बाकी असतं.

"मी नाही लावला," दुर्वा म्हणाली.

"मग काय भुतानं लावला? इथं भुताला श्वास घ्यायला हवा तरी आहे का?"

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ, एका मोठ्या विवराच्या (उल्का आदळून पडलेल्या खड्ड्याच्या) काठावर ही वस्ती होती. कागदोपत्री तिला लांबलचक नाव होतं, पण राहणारे तिला विवरवाडी म्हणायचे. विवराच्या तळाला कधी ऊन पोचत नाही, म्हणून तिथे युगानुयुगं बर्फ साठलेलं. दुर्वाची आई ते बर्फ खणणारी यंत्रं चालवायची आणि पाळीवर गेली की तिकडेच राहायची. वस्तीचा एक नियम मात्र शहाण्या माणसानं केलेला होता: जिथे मूल, तिथे घरचं एक वडीलधारं माणूस. म्हणून द्वारकाबाई मांडके, शिक्षण इयत्ता चौथी, मुक्काम कृष्णाकाठ, म्हातारपणी चंद्रावर आल्या. नेमून दिलेल्या वजनात इतरांनी फोटो आणले, बाहुल्या आणल्या. आजीनं आणला गूळ, लग्नात मिळालेली नाव कोरलेली एक स्टीलची वाटी, आणि वाळवलेले केफिरचे दाणे.

केफिर म्हणजे आंबवलेलं, फसफसणारं, आंबटगोड पेय. ते ज्यांच्यामुळे आंबतं ते हे दाणे. दिसायला भिजलेल्या साबुदाण्यासारखे, पण ओबडधोबड. गोड पाण्यात दाणे टाकायचे, वर स्वच्छ फडकं बांधायचं आणि एक-दोन दिवस त्यांना त्यांच्या कामावर सोडून द्यायचं. मग पाणी गाळून घ्यायचं, दाणे नव्या गोड पाण्यात. गाळलेल्या पाण्यात आल्याचा तुकडा टाकून बाटली बंद केली, की आतल्या आत वायू कोंडतो आणि जिभेला गुदगुल्या करणारं पेय तयार होतं. कोंडलेली हवा रोज थोडी सोडायची, नाहीतर बाटली फुटते. विवरवाडीत एकदा फुटली होती. धोक्याची घंटा वाजली, सगळी वस्ती अंतराळपोशाख चढवून दारात उभी राहिली, आणि आजी म्हणाली, "एवढं काय घाबरता? आलं जरा जास्त झालं."

दर वेळी गाळताना आजी दाण्यांना म्हणायची, "दिलंत, उपकार झाले." देवाला म्हणावं तसं नव्हे. शेजारणीनं कढीपत्ता दिला की म्हणतात, तसं.

आणि आता दाणे काही देत नव्हते. वाढणं तर राहोच, आकसून त्यांचा चुरा व्हायला लागला होता. पाणी दोन दिवसांनीही तेवढंच गोडमिट्ट. बरं, वेळ अशी, की शेजारच्या निशिगंधा ढोकेच्या मुलीचं बारसं चार दिवसांवर आलेलं. चंद्रावर जन्मलेलं पहिलं बाळ! आजीनं सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं, "सरबताच्या पुड्या कुणी फोडायच्या नाहीत. बारशाला माझं केफिर." द्वारकाआजीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आजवर ती पुसली गेली नव्हती.

"निशाताईला सांगू या का?" दुर्वानं विचारलं. "तिलाही तू दाणे दिले होतेस ना?"

"दिले होते. माझ्या वाटीतून दिले. वाटी अजून परत नाही." आजीनं ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा उघडले. "दाणे तर कधीच मेले असतील. ती पडली सांडपाण्याच्या कारखान्यातली. रोज जाते मी बाळाला न्हाऊ घालायला, एकदा तरी दिसली का बरणी? आणि हे बघ, आपलं रडगाणं बाहेर जाता कामा नये."

पुढचं यान यायला अर्धं वर्ष होतं. दाणे गेले तर गेलेच.

आजीनं पाणक्याला बोलावणं धाडलं.

पाणक्या हा वस्तीचं पाणी शुद्ध करणारा यंत्रमानव. पोट पिंपासारखं, हात लांब, आणि बोलणं सरकारी पाहुण्यासारखं. त्याचं खरं नाव आकड्यांत होतं. आजीच्या लहानपणी घरोघरी पाणी भरणाऱ्या माणसाला पाणक्या म्हणत, म्हणून तिनं त्याला ते नाव दिलं आणि त्यानंही ते आनंदानं घेतलं.

"ये रे डबड्या. पाण्यात काय कालवलंस ते सांग."

"द्वारकाबाई, माझ्या पाण्यात काहीही कालवलेलं नसतं," पाणक्या म्हणाला. त्याचा दिवा अपमानानं लाल झाला. "विवराच्या बर्फात गंधक असतं, अमोनिया असतो, कुठे कुठे पाराही असतो. मी ते बर्फ वितळवतो, ऊर्ध्वपातन करतो (म्हणजे पाणी उकळून वाफ करतो आणि वाफ थंड करून पुन्हा पाणी करतो). घाण खाली राहते. हाती येतं ते कोरं पाणी. आपल्याला रोज एक कॅन मी त्यातूनच देतो, नळात जायच्या आधी."

हे खरं होतं, आणि त्यालाही कारण आजीच. विवरवाडीत पाण्याचा थेंबही वाया जात नाही. आंघोळीचं, कपड्यांचं, घामाचं आणि सांगायला लाज वाटते त्याही गोष्टीचं पाणी निशिगंधाच्या कारखान्यात जातं, शुद्ध होतं, त्यात थोडं कोरं पाणी मिसळतं आणि ते नळाला येतं. आजीनं पहिल्याच दिवशी नळाकडे बघून नाक मुरडलं होतं. "मी पिईन. आलिया भोगासी. पण माझे दाणे पाहुणे आहेत. अख्ख्या गावानं वापरलेलं उष्टं पाणी पाहुण्यांना? त्यांना न शिवलेलं कोरं पाणीच हवं." आणि पाणक्या बिचारा तिच्या तोंडाला भिऊन कॅन आणून द्यायला लागला होता.

"आधी दाणे बघू," पाणक्या म्हणाला. त्याच्या तर्जनीच्या टोकाला सूक्ष्मदर्शी (बारीक वस्तू मोठी करून दाखवणारं भिंग) होतं. त्यानं एक दाणा बोटावर घेतला आणि समोरच्या भिंतीवर चित्र उमटलं.

दुर्वाचं तोंड उघडंच राहिलं. दाणा नव्हताच तो. गाव होतं! पारदर्शक, चिकट भिंती, आणि त्यांत दाटीवाटीनं राहणारे रहिवासी. काही अंड्यासारखे गोलसर, काही काडीसारखे, काही माळेत ओवल्यासारखे.

"हे गोलसर ते यीस्ट," पाणक्या म्हणाला. "बुरशीच्या कुळातले एकपेशीय जीव (सगळं अंग म्हणजे एकच पेशी). या काड्या आणि माळा म्हणजे जिवाणू. साखरेचा प्रत्येक कण म्हणजे दोन तुकड्यांची जोडी. यीस्टकडे कात्र्या असतात. त्यांना विकर म्हणतात (जिवांच्या अंगातली, कामं भरभर उरकणारी द्रव्यं). त्या कात्रीनं यीस्ट जोडी कापतं, काही तुकडे खातं आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतं. तेच आपले बुडबुडे. जरासा मद्यार्कही होतो, पण लवकर गाळलं तर अगदी नावापुरता."

"आणि काड्या काय नुसत्या आयत्या जेवतात?" आजीनं विचारलं.

"नाही हो. त्या साखर खाऊन आम्ल करतात. म्हणून पेय आंबट होतं, आणि त्या आंबटपणात सडवणारे परके जंतू टिकत नाहीत. म्हणजे या गावाच्या राखणदार झाल्या. काही जिवाणू तर साखरेचे तुकडे एकापुढे एक जोडून लांब चिकट दोरे विणतात. त्या दोऱ्यांचंच घर बनतं. तोच हा दाणा. यीस्टच्या अंगातून झिरपणारी पोषकं जिवाणू खातात आणि जिवाणूंनी बांधलेल्या घरात यीस्ट राहतं. याला सहजीवन म्हणतात (एकमेकांच्या आधारानं जगणं)."

"म्हणजे विरजणासारखंच," आजी म्हणाली. "आंबोळीच्या पिठासारखं. एवढं साधं सांगायला भिंतभर चित्र कशाला लागतं?" पण ती चित्राच्या जवळ जाऊन उभी राहिली होती आणि तिथून हलत नव्हती. "केवढी माणसं रे ही. आणि मी यांना एकटीच सांभाळते म्हणत होते."

तेवढ्यात दुर्वाच्या लक्षात आलं. चित्रातली बरीचशी मंडळी नुसती पडून होती. भोवती साखर होती, पण खात कुणीच नव्हतं.

"अन्न आहे, पाणी आहे," ती म्हणाली, "मग उपाशी का?"

पाणक्याचा दिवा पिवळा झाला. पिवळा म्हणजे त्याला माहीत नव्हतं. "गेल्या काही दिवसांत काय बदललं?"

"गूळ संपला," दुर्वा म्हणाली. "आजी आधी गूळ घालायची. आता कोठीतली पांढरी साखर घालते."

"झालं तर! साखरच वाईट," आजीनं निकाल दिला. "पाण्याकडे बोट दाखवायचं नाही हं. गूळ होता तोवर याच कोऱ्या पाण्यात कसे फुगत होते!"

"निकाल आधी आणि चौकशी मागून, असं विज्ञानात चालत नाही," पाणक्या म्हणाला.

"आमच्याकडे चालतं," आजी म्हणाली.

पण दुर्वाच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं होतं. तिनं तीन लहान बरण्या मागितल्या. पाणक्यानं एकच गोष्ट शिकवली: दर बरणीत फक्त एक गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर कुणामुळे काय झालं ते देवालाही सांगता येणार नाही. पहिल्या बरणीत दुर्वानं काहीच बदललं नाही, कोरं पाणी आणि पांढरी साखर. दुसरीत कोरंच पाणी, पण साखरेऐवजी गूळ. गूळ आणायचा कुठून? तिनं रिकाम्या डब्याचे कोपरे खरवडले आणि डबा त्याच पाण्यानं विसळून घेतला. तिसरीत साखर पांढरीच, पण पाणी...

"नळाचं?" आजी कडाडली. "माझ्या ओट्यावर? हात लावून तर बघ!"

"आजी, बदलल्याशिवाय कळणार कसं?"

"न कळता सत्तर वर्षं काढली मी."

दुर्वा नुसती बरणीकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि चंद्रावर डोळ्यातलं पाणीसुद्धा चटकन खाली पडत नाही, तिथेच डबडबून राहतं. आजीला ते बघवेना.

"घे," ती म्हणाली. मुठीतल्या दाण्यांचे तिनं तीन वाटे केले, तिसरा वाटा करताना हात जरा अडखळला. "पण ती बरणी माझ्या ओट्यावर नको. डबड्या, तुझ्या फळीवर ठेव. आणि कुणाला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दुर्वा स्वयंपाकघरात आली तर गुळाची बरणी कुजबुजत होती. बारीक, आळसावलेले बुडबुडे. शेजारची पांढऱ्या साखरेची बरणी ढिम्म.

"बघ!" आजीनं टाळी वाजवली. "म्हटलं नव्हतं? साखरच द्वाड."

दुर्वा उड्या मारत पाणक्याच्या फळीकडे गेली. चंद्रावर घाईनं चाललं की डोकं छताला लागतं, तसं लागलंच. डोकं चोळत तिनं बरणीत पाहिलं. नळाच्या पाण्यातले दाणेही फसफसत होते. गुळातल्यांपेक्षा जास्त!

आता आली का पंचाईत! साखर द्वाड म्हणावी, तर या बरणीत तीच पांढरी साखर होती. पाणी द्वाड म्हणावं, तर गुळाच्या बरणीत तेच कोरं पाणी होतं. दोन्ही आरोपी एकेकटे निर्दोष. दोघं एकत्र आले की मात्र घात.

"चालत्या दोन्ही बरण्यांत जे आहे आणि बंद बरणीत नाही, ते शोध," पाणक्या म्हणाला. "मला आता अंदाज आला आहे. पण तू सांग."

दुर्वा बसून राहिली. समोर तिचा रात्रीचा पाण्याचा पेला उपडा पडला होता, नळाच्या पाण्याचा. काचेवर एक थेंब वाळला होता आणि त्याच्या जागी पांढुरकं कडं उरलं होतं.

तिनं दोन काचपट्ट्या घेतल्या. एकीवर नळाच्या पाण्याचा थेंब, एकीवर कोऱ्या पाण्याचा. दोन्ही शेगडीजवळ ठेवल्या. पाणी उडून गेलं. पहिल्या पट्टीवर पांढरं कडं. दुसरीवर काही नाही. जणू तिथे कधी काही नव्हतंच.

"आजी!" दुर्वा ओरडली. "कोऱ्या पाण्यात काहीच नाही!"

"मग तेच तर—" आजी म्हणाली आणि थांबली. पट्टी तिनं दिव्यासमोर धरली. पांढऱ्या कड्यावरून बोट फिरवलं. "हे तर आमच्या बंबातलं." गावाकडे पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबात असाच पांढरा थर धरायचा. आजीनं तो आयुष्यभर चिंचेनं घासून काढला होता. "हा मळ ना गं?"

"मळ नाही, खनिजं," पाणक्या म्हणाला. "दगडामातीतली द्रव्यं: कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम. पृथ्वीवर पाऊस पडतो, डोंगरावरून वाहतो, जमिनीत मुरतो, दगडांना घासत नदीला मिळतो. वाटेत प्रत्येक दगडाकडून चिमूट चिमूट घेत येतो. आपली कृष्णा कुठून कुठून वाहत येते ते आठवा. इथलं बर्फ अंधारात पडून राहिलं. ते कधी वाहिलंच नाही. आणि वर मी त्याला पुसून-धुऊन चकचकीत केलं."

"पण थेंबभर खनिजावाचून कुणी उपाशी कसं राहील?" दुर्वानं विचारलं.

"कात्रीला दोन पाती असतात. ती कशानं जोडलेली असतात?"

"मधल्या खिळ्यानं."

"खिळा केवढासा? पण तो काढला तर पाती कितीही धारदार असोत, कागदही कापत नाहीत. यीस्टच्या आणि जिवाणूंच्या पुष्कळ कात्र्यांना मॅग्नेशियमसारख्या खनिजांचा खिळा लागतो. गुळात उसाबरोबर आलेली खनिजं असतात. म्हणून गूळ होता तोवर कोऱ्या पाण्याचं पितळ उघडं पडलं नाही. पांढरी साखर तयार करताना ती निघून जातात. कोरं पाणी आणि कोरी साखर एकत्र आली, आणि गावातल्या सगळ्या कात्र्या ढिल्या झाल्या."

"आणि नळाच्या पाण्यात खनिजं कुठून आली?"

"निशिगंधाताई घालतात. रोज, मोजून. पाणी परत पिण्याजोगं करताना. नाहीतर तुमच्याही अंगाला ते पाणी मानवलं नसतं."

आजी पट्टीकडे बघत होती.

"म्हणजे मी पाहुण्यांना सोवळ्यात ठेवून उपाशी मारत होते," ती शेवटी म्हणाली. मग पाणक्याकडे वळली. "आणि तू? तुला एवढी अक्कल होती तर कॅन मुकाट आणून देत होतास?"

"आपण दाण्यांसाठी सगळ्यात शुद्ध पाणी मागितलंत. आणि मला माझ्या शुद्ध पाण्याचा..." पाणक्याचा दिवा मंद झाला. "अभिमान आहे."

"हं. आपण दोघंही एका माळेचे मणी." आजीनं त्याच्या पिंपावर एक चापट मारली. तिच्या परीनं ते लाड होते.

पुढचा उपाय सोपा होता. मोठ्या बरणीत नळाचं पाणी आलं. पण दाणे उरले होते मूठभर, अशक्त. ते सावरायला, वाढायला वेळ लागणार आणि बारसं दोन दिवसांवर. अख्ख्या वस्तीला घोटघोटभर द्यायचं तरी एवढ्याशा दाण्यांनी ते होणार नव्हतं. आजीनं सरबताच्या पुड्यांचा खोका पाहिला आणि तोंड फिरवलं.

संध्याकाळी तिनं नऊवारीचा पदर खोचला. "चल गं दुर्वे."

"कुठे?"

"माझी वाटी आणायला."

निशिगंधाच्या दारात आजी उभी राहिली. आत धावपळ झाली, कपाटाचं दार आपटलं, मग दार उघडलं. निशिगंधा वर्ध्याची, उंच, हसरी. खांद्यावर बाळ. "अरे, आजी! आता कशा काय जी? सकाळीच तर न्हाऊ घालून गेल्या."

"वाटी दे माझी," आजी म्हणाली.

"वाटी?"

"लग्नातली आहे. नाव कोरलंय. दिल्याला किती दिवस झाले? कुणी परत करतं की नाही?"

दुर्वाला वाटलं, आता भांडण होणार. मग तिला एकदम आठवलं. आजीनंच तिला लहानपणी शिकवलं होतं: शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. काहीतरी घालूनच द्यायचं, मग ती चिमूटभर साखर का असेना. ज्या भांड्यातून विरजण आलं, त्यात तर विरजणच. आजी वाटी मागत नव्हती. आजी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागत होती आणि तिला मागता येत नव्हतं.

निशिगंधाचा चेहरा पडला. "आजी, रागावू नका जी. वाटी द्यायचीच होती. पण रिकामी कशी देऊ? आणि भरून दिली असती तर तुम्ही विचारलं असतं, कोणत्या पाण्यात वाढवले म्हणून."

"म्हणजे?"

निशिगंधानं बाळ दुर्वाच्या हातात दिलं. चंद्रावरचं बाळ, फुलासारखं हलकं. मग पाळण्यामागचं कपाट उघडलं. आत एक मोठी बरणी होती, आणि गळ्यापर्यंत दाणे! टपोरे, पारदर्शक, एकमेकांवर चढलेले. फडक्याखालून असा काही आवाज येत होता, की जणू आत जत्रा भरली आहे.

"नळाचं पाणी," निशिगंधा हळूच म्हणाली. "तुम्ही उष्टं म्हणता ना, तेच. तुम्ही आल्या का मी बरणी लपवत होती. मले वाटलं, पाहिलं तर फेकून द्याल."

आजी बरणीपुढे वाकली. द्वारकाआजी गप्प, हे विवरवाडीत बुडबुडे गप्प होण्याहून दुर्मिळ.

"माझे मेले," ती म्हणाली. "जवळजवळ. मी कोऱ्या पाण्यात ठेवले. तू उष्ट्यात ठेवलेस म्हणून हे जगले." मग तिनं निशिगंधाच्या गालावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. "दिलंत, उपकार झाले" असं ती दाण्यांना म्हणायची. आज माणसाला म्हणाली, "दिलंस बाई, उपकार झाले."

"अवो, तुमचेच तर आहेत!"

"माझे होते. मी दिले म्हणून उरले. घट्ट धरून बसले असते तर एक दाणा राहिला नसता. भर वाटी. चांगली शीगोशीग भर, चंद्रावर सांडायला वेळ लागतो."

बारसं झालं. सगळी विवरवाडी निशिगंधाच्या घरात मावली नाही, म्हणून बोगद्यात पाळणा बांधला. बायकांनी "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बाळाला पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हाती दिलं. हात बदलताना बाळ क्षणभर तरंगल्यासारखं व्हायचं आणि खुदकन हसायचं. नाव ठेवलं सरिता. मुलांना ते नाव पार जुनाट वाटलं. निशिगंधा म्हणाली, "इथे वाहतं पाणी नाही. एक तरी नदी असू दे." आजी म्हणाली, "जुनं आहे, पण कामाचं आहे."

मग प्रत्येकाच्या हातात पेला आला. आलं घातलेलं, फसफसणारं केफिर. बुडबुडे सावकाश वर येत होते आणि नाकाशी फुटत होते. लहानांना थोडं, मोठ्यांना जरा जास्त. खाणीवरून आलेल्या दुर्वाच्या आईनं दुसऱ्यांदा पेला पुढे केला, तेव्हा आजीनं तो तिरक्या नजरेनं भरला.

दुर्वा सगळ्यांकडे बघत होती. आपण आंघोळ केलेलं पाणी, आईच्या कपाळावरचा घाम, निशाताईनं मोजून घातलेली खनिजं, पाणक्यानं वितळवलेलं बर्फ, सगळं फिरून फिरून या पेल्यात आलं होतं. कुणी कापतं, कुणी विणतं, कुणी राखण करतं. भिंतीवर पाहिलेला तो दाणा आणि ही विवरवाडी, दोन्हींत फरक काय तो आकाराचाच. तिला एकदम सगळ्यांचे आभार मानावेसे वाटले, पण एवढ्यांचे मानायचे कसे ते कळेना. म्हणून तिनं पाणक्याच्या पोटावर डोकं टेकलं. आतलं पाणी गुळगुळ वाजलं.

"मला पिता येत नाही," पाणक्या म्हणाला. "पण आवाज छान येतो आहे."

बारशाला एक मुलगी आली होती, विवरवाडीत राहून मंगळावर जायची तयारी करणाऱ्या तुकडीतली. ती आजीजवळ आली आणि बिचकत म्हणाली, "आजी, आम्हाला थोडे दाणे मिळतील का? प्रवास फार लांबचा आहे."

आजीनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "पाणी कोरं घालशील?"

"नाही."

"नुसती पांढरी साखर?"

"दुर्वानं सांगितलंय. खनिजांची चिमूट आधी."

आजी आत गेली आणि तीच वाटी घेऊन आली, नाव कोरलेली, काठोकाठ भरलेली. मुलगी गोंधळली. "आजी, वाटी राहू दे. मी डबा आणते. मंगळावरून ही परत कधी यायची!"

"येईल तेव्हा येईल," द्वारकाआजी म्हणाली आणि वाटी तिच्या हातात ठेवून वरून तिची बोटं मिटली. "रिकामी येणार नाही एवढं मला ठाऊक आहे."